उपरन्याखालचा सौदा

गाडी सांजची होती अन भगवंत सकाळपासूनच बूट घालून बसला होता.

माय म्हने, "काढ रे ते. पाय उकडतीन." मिरीग लागाचा होता, पन ऊन असं का मोरना नदीच्या काठचा गोटा हातात धरवत नव्हता. त्यानं बूट काई काढले नाईत. अंगनात इकडून तिकडे चालून पाहे. बूट वाजले का कोंबड्या पळत. शालू, त्याची बायको, चुलीपाशी बसून त्याच्या रस्त्यासाठी दशम्या करून राह्यली होती. ती म्हने, "मुंबईच्या कोंबड्या नाई पळाच्या बूटाले."

तो म्हने, "मुंबईले कोंबड्या नसतेत. नुसते अंडेच असतेत."

असा त्याचा इनोद. आमी हासलो. माय बी हासली, जिले समजलं नव्हतं.

मी त्याची मोठी बहीन, गोदा. नवरा गेला तवापासून मायच्याच घरी हावो, अन अकोल्याच्या बाजारात मायसंग भाजी घेऊन बसते. दुसरीपर्यंत शाळा झाली माही, म्हनून बोलते तसंच लिवून राह्यली. भगवंत मले बाई म्हने. त्या दिवशी कोट घातला, टोपी घातली अन म्हने, "बाई, जिनात जाऊन मालकाच्या पाया पडून येतो. त्याईची चिठ्ठी अन खर्चाचं घेतो. जेवाले आलोच."

मंग अंगनात आला तो बंडीतच आला.

सरकीच्या पोत्याखाली जे तरट टाकतेत त्या तरटावर निजवला होता. एका पायात बूट होता, दुसरा पाय उघडा. छातीकडे पाहवत नव्हतं. जिनातले दोन हमाल संग होते, ते खाली पाहून उभे राह्यले. बंडीवाल्यानं बैल बी सोडले नाईत. म्हने, "उतरवून घ्या लवकर. मले माल आनाले जाचं हाये."

माय वांगे निवडत बसली होती. हातातलं वांगं तिनं खाली ठेवलं नाई. तेच घेऊन उठली, अन भगवंताच्या तोंडावरची माशी त्या वांग्यानं हाकलली.

उनं कलले तवा खुशालराव मालक आले. भगवंत त्याईच्या कापसाच्या जिनात कामाले होता. दारातल्या कडूनिंबाच्या सावलीत उभे राह्यले, छत्री मिटवली नाई. "चांगला पोरगा होता," म्हने. "मीनं सांगतलं होतं, थप्पीवर चढू नको म्हून. ऐकलं नाई. जवान रगत."

मी म्हनलं, "मालक, याची आजची गाडी होती मुंबईची. तुमी धाडून राह्यले होते याले."

मालकानं माह्याकडे पाह्यलं नाई. मायकडे पाहून म्हनलं, "पार्बताबाई, दुखाच्या टायमाले असं काईबाई बोलू नाई. पोरीले समजवा." अन गेले. तोच बंडीवाला माल घेऊन परतून राह्यला होता, त्यानं त्याईले मोठ्या रस्त्यापर्यंत पोचवलं.

हे मुंबईचं काय होतं ते सांगते.

आमी माळी. मोरनेच्या काठाले आमचा मळा हाये, वांगे, पालक, सांभार म्हंजे कोथिंबीर, अन दसऱ्या-दिवाळीले झेंडू. आमच्या साऱ्या वस्तीत मॅट्रिक झाला तो एकटा भगवंत. अमरावतीले मामाच्या घरी राहून शिकला. शिकून आला तवापासून वांग्याले ब्रिंजल म्हने. मायच्या टोपल्याले हात लावत नसे, कोटाले डाग पडन म्हने. मले राग ये. एकडाव मी म्हनलं, "तुयं मॅट्रिक या वांग्यानंच झालं बे."

"म्हनूनच तं वांगं सोडाचं हाये, बाई," म्हने.

खुशालराव मालकाचं बार्शीटाकळीकडे काळं वावर हाये भल्लं, अन अकोल्यात जिन. बंडीनं कापूस येते, त्यातली सरकी काढतेत, अन रुईच्या गठानी दाबून मुंबईले धाडतेत. भगवंत तिथं कामदार होता. कोनाची बंडी आली, कोनत्या गठानीवर कोनता छाप, हे पाहाचं त्याचं काम. छाप म्हंजे गठानीवर शाईनं निशानी मारतेत ती.

एका हंगामात मुंबईच्या पेढीचा एक मानूस गठानी पाहाले आला. त्यानं सांगतलं का मुंबईले व्यापाराच्या शिक्षनाचा एक दोन सालाचा वर्ग हाये. पोट्ट्यासाठी नाई, जे आधीच कोन्या पेढीवर, कारखान्यात काम करतेत त्याईच्यासाठी. पन आपल्या मनानं जाता येत नाई. मालकानं धाडा लागते, खर्च मालकानं कराचा. शिकून आला का तोच मानूस मालकाचा कारखाना चालवते. मॅनेजर.

तो शब्द याच्या डोक्यात जो बसला तो बसलाच. पानी शेंदताना मॅनेजर, भाकर खाताना मॅनेजर.

पयल्या डावाले त्यानं मालकाले भर अंगनात, बंड्यावाल्यापुढे इचारलं. मालक म्हने, "कावून बे? इथं तुले जेवाले भेटत नाई का?" सारे हासले. घरी येऊन म्हने, "चुकलंच माहं. मालकाले फायदा दाखवा लागते. आपली आस नाई दाखवाची."

मंग काय, घरीच सराव सुरू झाला. मले उपड्या टोपल्यावर बसवे. "बाई, तू मालक हो."

मी म्हनो, "नाई धाडत जाय."

"असं नाई. आधी मी बोलतो, मंग तू नाई म्हन." अन हात मागं बांधून उभा राहे. "मालक, मुंबईवाले दर साली आपली रुई हलकी म्हून भाव पाडतेत. आपन मुंडी हालवतो. कावून? त्याईची बोली आपल्याले समजत नाई, त्याईचे कायदे समजत नाईत. आपला मानूस तिथं शिकून आला तं कोनी फसवन का आपल्याले?"

बोले चांगला. शालू पीठ मळता मळता थांबे. माय म्हने, "धाड वं गोदे त्याले, किती इनंती करते लेकरू."

मी म्हनलं, "अन शिकून पळाला तं? मुंबईवाल्याचाच नोकर झाला तं माहं काय राह्यलं?"

मी आपलं सहज म्हनलं.  तो तसाच उठून मोट हाकलाले गेला, जो कधी जात नसे.

अन मालकानं बी नेमकं तेच इचारलं. या डावाले त्याईनं ऐकून घेतलं सारं, हुक्का ओढत, जानराव दलाल बाजूले बसला होता. ऐकून म्हने, "बोलनं तं खरं हाये तुयं. पन पळाला तं?"

"लिवून देतो, मालक. म्हनान तितके सालं तुमच्याच इथं राहीन."

"तुयं लिवलेलं काय उकळून पिऊ?" मालक म्हने. "बायको ठेव इथं. मंग नाई पळाचा."

जानराव लोटपोट हासला. मालक हासले. भगवंत हासला नाई. तो घरी आला अन शालूले म्हने, "उद्यापासून मालकाच्या घरी सैपाकात जाचं तुले. मालकीनबाईच्या हाताखाली."

शालू पाहतच राह्यली. "मी काय हंडा हावो का तुमचा, गहान ठेवाले?"

"गहान कावून म्हनतं? मालकाले भरोसा वाटला पाहिजे. मी तिकडे राहीन तवा तू त्याईच्या डोळ्यापुढं राह्यशीन."

"त्याईनं थट्टा केली असन."

"मालक लोक थट्टेतच पोटातलं बोलतेत."

माय म्हने, "घरची सून दुसऱ्याच्या चुलीवर, अन फुकट? लोक शेन घालतीन तोंडात."

"मॅनेजर झालो का हिच्या हाताखाली दोन बाया ठेवीन. मंग पाहू कोन कोनाच्या तोंडात काय घालते."

मी शालूच्या बाजूनं बोलली. काई उपेग झाला नाई. ती गेली. मालकाच्या घरी मैनाबाई म्हून जुनी सैपाकीन हाये, तिच्या हाताखाली हिले देल्लं. मैनाबाईले सारं मालूम होतं, आचाऱ्याच्या कानाले भिंत नसते. "ए मॅनेजरीन, राखुंडी आन. ए मॅनेजरीन, मोरी तुंबली पाह्य." साऱ्या बाया हासत. शालू सांजले घरी ये तवा तिच्या बोटाची सालटं निघालेली असत. नवऱ्यासंग बोलत नव्हती. भाकर वाढे अन तोंड फिरवून बसे. तो म्हने, "दोन सालं वं. फक्त दोन सालं." ती भिंतीले म्हने, "याईले सांगा कोनी, भाकर थंडी होऊन राह्यली."

अन आमच्या मळ्याचा पयला तोडा मालकाच्या घरी जाऊ लागला. कवळे वांगे, पयली मेथी, सारं. राह्यलेलं आमी बाजारात घेऊन बसो. गिऱ्हाईक म्हने, "काय वं पार्बताबाई, औंदा वांगे जरड कावून?" माय काय सांगन.

मंग दसरा आला. त्या दिवशी जिनाचा मुहूर्त असते.

कापसाचा भाव इकडे तोंडानं नाई करत. घेनारा अन इकनारा, दोघं उपरन्याखाली हात घालतेत अन बोटं दाबून भाव सांगतेत. बाहेर कितीक मानसं उभे राहोत, कोनाले काई समजत नाई. अन एकडाव हात दाबून सोडला का शब्द गेला. त्याले कागद नाई लागत, साक्षी नाई लागत. जो फिरन त्याच्या हातात मंग बाजारात कोनी हात देत नाई, त्याचा धंदाच बसते. अन एक हाये, उपरन्याखालचं त्या दोघाईनं पुन्हा एकमेकाले तोंडानं इचाराचं नाई. इचारलं का सौदा फिसकटला. आमी भाजीवाले, पन बाजारातच वाढलो, हे लहानपनापासून पाह्यलेलं. आमच्यात सोयरीक बी कोनी कोनी अशीच पक्की करते, बापाबापानं उपरन्याखाली हात दाबून.

मुहूर्ताले पयल्या बंडीची पूजा झाली. बैलाच्या शिंगाले झेंडूचे हार, झेंडू आमच्याच मळ्याचा. जानराव दलालानं अन मालकानं पयल्या कापसाचा भाव उपरन्याखाली केला. पेढे वाटले. मालक भल्ले खुशीत होते. भगवंताकडे पाहून म्हने, "ये बे मॅट्रिक. आज तुया बी सौदा करून टाकू." अन खांद्यावरचं उपरनं झटकून त्याच्या हातावर टाकलं.

घरी आला तो उडतच आला. शालूचा पदर ओढला, माह्या हातावर टाकला अन पदराखाली मले दाबून दाखवलं. आधी दोन बोटं. मंग सारा पंजा. "दोन सालं," म्हने. "अन पुरा खर्च."

मी म्हनलं, "तोंडानं काय बोलले?"

"तोंडानं कसे बोलतीन, बाई? सौदा हाये तो."

"तरी बी एकडाव इचारून घे. मानूस खुशीत होता, पेढा तोंडात होता."

"इचारलं का फिसकटते. तुले काय मालूम नाई? अन मालक कोन्या ऐऱ्यागैऱ्यासंग उपरन्याखाली हात घालन का? मले व्यापारी समजले तवाच घातला नं."

शालूनं त्या दिवशी पयल्यांदा त्याच्याकडे नीट पाह्यलं. म्हने, "खरंच दाबला?" त्यानं तिच्या बी हातावर पदर टाकला अन दाबून दाखवलं. ती लाजली. माय म्हने, "अरे, माह्यापुढं तरी नको."

मंग सारा हंगाम त्यानं मालकाले एक शब्द इचारला नाई. बैलावानी राबला. सुट्टी नाई, सन नाई. मालक कधी त्याच्याकडे पाहून हासले का घरी येऊन सांगे, "आज मालक माह्याकडे पाहून हासले. त्याईच्या ध्यानात हाये." खोकलले तरी तो मतलब काढे. जानराव त्याले रोज म्हने, "काय मॅनेजर साहेब, मुंबई कवा?" याले वाटे, पाह्य, जानरावाले बी मालूम हाये.

मीनं आनखीन इचारलं एकडाव, होळीच्या सुमारास. तो माह्यावर चिडला. "तुमी भाजीवालेच राहान. तुमाले सौदा काय समजते?" मी म्हनलं, "बरं बावा." मंग इचारनं सोडून देल्लं.

अमरावतीहून बूट आनले. कोट शिवला. वस्तीतले लोक सांजचे येऊन बसत, त्याले मुंबईचं इचारत, जसा काई तो जाऊनच आलाय. महादेवराव म्हातारा म्हने, "समुद्राचं पानी घेऊन येजो रे बाटलीत." माय साऱ्या बाजाराले सांगे. वर्ग मिरगानंतर सुरू होनार होता, हा म्हने मी आधी जाऊन खोली पाहून ठेवतो. दिवस त्यानंच ठरवला. गाडी बी त्यानंच ठरवली. मालकाले सांगाचं फक्त राह्यलं होतं, अन ते त्या दिवशी सांगाले गेला.

जिनात काय झालं ते मले जानराव दलालानं सांगतलं. तेरवीच्या जेवनाले आला होता. पोटभर जेवला, खाटेवर बसला, पाय वर घेतले, अन कोनी इचारलं बी नाई तं आपल्या मनानंच सुरू झाला. मालकाचा आवाज हुबेहूब काढे.

म्हने, "गोदाबाई, तुमचा भाऊ आला तो टकटक टकटक. सारे हमाल वर पाहाले लागले. मालक म्हने, 'कावून बे, कोनाच्या लग्नाले चालला?' तं हा म्हने, 'मालक, आजची गाडी हाये. आशीर्वाद द्या.' मालक म्हने, 'कायची गाडी?' याचं तोंड असं झालं." अन जानरावानं तोंड करून दाखवलं.

"याले वाटलं, मालक परीक्षा पाहून राह्यले. हा जोळ जाऊन हळूच म्हने, 'मालक, दसऱ्याले आपलं झालं होतं. उपरन्याखाली.' आता मालक हासले. म्हने, 'उपरन्याखाली? कोनं पाह्यलं? जानराव, तुमी पाह्यलं का?' मी म्हनलं, 'मले तं मालक, उपरनंच दिसलं.'"

हे सांगून जानराव हासला. मंग त्याले ध्यानात आलं का तो तेरवीले आलाय. घसा खाकरला.

मी म्हनलं, "जानरावभाऊ, तुमी तं तिथंच होते. मालकानं हात दाबला का नाई त्याचा?"

"दाबला असन. मालकाची सवय हाये. म्हशीच्या सौद्याले बी दाबते, अन घेत नाई."

"मंग?"

"मंग मालकानं समजवलं त्याले. चांगल्यानं समजवलं, खोटं कावून बोलू. म्हने, 'हे पाह्य, सौदा दोन व्यापाऱ्यात होते. माह्यापाशी पैसा हाये. तुयापाशी कोनता माल होता बे?'"

दाराच्या आड शालू बसली होती.  तिथून ती म्हने, "मी होती नं माल."

जानरावानं ऐकलं, पन ऐकलं नाई असं केलं. पानी मागतलं. पानी पेऊन पुढं सांगू लागला.

"तुमचा भाऊ म्हने, 'मालक, मी सारं तयार करून बसलो. तुमाले बी पटलं होतं, शिक्षन लागते कारखान्याले.' मालक म्हने, 'हो तं! पटलं नं. तू डोकं खाऊन खाऊन पटवलं मले. तुयं म्हननं सोळा आने खरं हाये, आपला मानूस तिथं शिकलाच पाहिजे. म्हनून तं चंद्रभानचं नाव धाडलं.'"

चंद्रभान म्हंजे मालकाच्या बहिनीचा पोरगा. तालमीत जाते अन पत्ते खेळते. मॅट्रिकले दोनदा बसला, एकदा बी झाला नाई. पन वर्गाले मालकाची चिठ्ठी लागे, मॅट्रिक लागत नव्हतं.

"हा उभाच राह्यला," जानराव म्हने. "जात बी नाई, बोलत बी नाई. मालकाले बी मंग कसंतरी वाटलं असन. म्हने, 'आता आलाच हायेस तं काम कर. त्या मागच्या थप्पीच्या वरच्या गठानीचा छाप पाह्य, मुंबईवाल्याची चिठ्ठी आली, घोटाळा हाये म्हने.' हा वाकला अन बूट काढाले लागला. थप्पीवर कोनीच जोडा घालून नाई चढत, तुमाले मालूम हाये, रुईवर पाय सटकते. तं मालक म्हने, 'राहू दे, राहू दे. साहेब लोक बूटानंच चढतेत.' सारे हासले. काय करता, मालक इनोदी हाये. हा वाकलेला तसाच राह्यला जरासा. मंग लेस पुन्हा बांधली अन चढला."

"अन तुमी?"

"आमी खालून पाहत होतो. हमाल म्हनून राह्यले होते, 'साहेब, सांभाळा. साहेब, टोपी.' वर पोचला, छाप बी वाचला त्यानं. आवाज देल्ला वरून, 'बरोबर हाये मालक, घोटाळा नाई.' अन उतराले पाय टाकला तं बूट सटकला. त्यानं गठान धरली. ती गठान मोकळीच होती. ती बी आली त्याच्यावर." जानरावानं ढेकर देल्ला. "हासता हासता आमाले समजलंच नाई. आवाज आला तवा समजलं. गोदाबाई, लवंग असन तं द्या एखादी, जेवन भल्लं झालं."

मायनं उठून त्याले लवंग देल्ली.

जानराव गेल्यावर मी मायले म्हनलं, "चाल, मालकाच्या दारात जाऊन बसू. साऱ्या अकोल्यापुढं इचारू." माय म्हने, "काय इचारशीन?" मी म्हनलं, "हात दाबला का नाई ते." माय म्हने, "अन त्यानं नाई म्हनलं तं? भगवंत खोटा पडन मेल्यावर." मी बसून राह्यली. गेली नाई.

भाजी काई थांबत नाई. तेरवीपर्यंत मळ्यात कोनी गेलं नव्हतं, वांगे पिवळे पडले, पालकाले दांडे आले. मी अन मायनं जे चांगलं भेटलं ते तोडलं, गोनपाट ओला करून सांभार झाकला, अन बाजारात जाऊन बसलो. बाया येत, मायकडे पाहून हळू बोलत, भाव करत नव्हत्या. मायले तेच सहन होत नव्हतं. ती मोठ्यानं ओरडे, "वांगे घ्या, वांगे! कवळे वांगे!"

उनं वर आले तवा मैनाबाई आली, मालकाची सैपाकीन. संग टोपलं धरनारा गडी. आमच्यापुढं येऊन उभी राह्यली. इतक्या साऱ्या दुकानात तिले आमचंच दुकान दिसलं, कारन इतके दिवस फुकट वांगे आमच्याच मळ्यातून जात होते, मालकीनबाईच्या तोंडाले तीच चव लागलेली.

"भरून कराचे हायेत," म्हने. "बारके पाह्यजो वं पार्बताबाई. चंद्रभानभाऊ सांजच्या गाडीनं मुंबईले चालले. शिदोरीले पाहिजेत."

मी मायकडे पाह्यलं. माय वांगे निवडाले लागली. एक एक उलटून, देठ पाहून, किडका एक बी नाई जाऊ देल्ला.

मैनाबाई म्हने, "अन हो, मालकीनबाईनं सांगतलं, शालूले आता धाडू नका. घरातलं पोरगं दूर चाललं, जाताना तिचं तोंड नको आडवं याले."

माय म्हने, "बरं."

वांगे तोलून झाले. मैनाबाईनं या डावाले पैसे देल्ले, गोनपाटावर ठेवले. मंग गेली नाई, उभीच राह्यली. "सांभार नाई घालत का वं वरून? साऱ्याईले तं घालतं."

मायनं सांभाराची जुडी उचलली अन तिच्या टोपल्यात टाकली. मी मायचा हात धरनार होती, नाई धरला.

मैनाबाईनं जुडी हातात घेऊन पाह्यली. "हा तं सुकला वं," म्हने. ती जुडी तिनं परत ठेवली, वाकून ओलं गोनपाट आपल्या हातानं वर केलं, खालची हिरवीगार जुडी काढली, तिचं पानी आमच्या पायावर झटकलं अन गेली.